गरम झाली की बंद पडते: जुन्या बुलेटवर काम शिकताना

साताऱ्यात उस्तादांच्या गॅरेजात लागलो तेव्हा पहिले सहा महिने माझ्या हातात रॉकेलचा डबा आणि ब्रश एवढंच होतं. पार्ट धुवायचे आणि बघत राहायचं. पूर्णपणे माझ्यावर सोपवलेली पहिली गाडी एका निवृत्त गुरुजींची होती, १९८६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिनाची. तक्रार अशी: "सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागली की मिसिंग मारते आणि बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू."

मी कार्बोरेटर उतरवला. जेट फुंकले, फ्लोट हलवून पाहिला, बसवला. गुरुजी दोन दिवसांनी परत आले. पुन्हा उतरवला. तिसऱ्यांदा पेट्रोलची नळी आणि प्लगही बदलला. चौथ्यांदा गाडी दारात आली तेव्हा उस्तादांनी एकच विचारलं, "बंद पडली त्या क्षणी करंट होता का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. ती बंद पडलेली मी पाहिलीच नव्हती. गॅरेजात यायची तोवर थंड झालेली असायची, आणि थंड गाडीत काहीच बिघाड नव्हता.

जुन्या गाड्यांचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आज हेच आधी सांगतो. बिघाड चालू असताना त्याला गाठा. पाना नंतर.

आता गुरुजींच्या तक्रारीकडे नीट पाहू, कारण ही तक्रार तुमच्याकडे शंभर वेळा येणार आहे. "गरम झाली की बंद पडते" याची निदान चार कारणं असतात आणि चारही बाहेरून सारखीच दिसतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. थांबलं की हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालू होते. ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. प्लगसाठी जास्त व्होल्ट तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलमधली तार गरम होऊन आतल्या आत सुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. आणि व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट बसवलेले असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कम्प्रेशन जातं.

ही चार कारणं वेगळी करायला तुमच्याकडे पाच-दहा मिनिटंच असतात, कारण गाडी थंड होत चाललेली असते. म्हणून क्रम ठरलेला हवा.

उस्तादांनी मला गुरुजींची गाडी घेऊन शिरवळपर्यंत जायला आणि तिथून परत फिरायला सांगितलं. पिशवीत प्लग पाना, जुना पण चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर, वायरचा तुकडा, एक नवा कंडेन्सर आणि चिंधी. घाटात अर्ध्यावर गाडीने अडखळायला सुरुवात केली आणि बंद पडली. कडेला घेऊन आधी टाकीचं झाकण उघडलं. हवा आत ओढल्याचा "फुस्स" आवाज आला नाही. म्हणजे छिद्र मोकळं. मग किक हळू दाबून पाहिली: कम्प्रेशन घट्ट, पाय ठेवला तरी किक थांबून राहत होती. म्हणजे व्हॉल्व्ह मिटतायत. (इथे किक मऊ लागली तर टॅपेटआधी डिकॉम्प्रेसरची, म्हणजे कम्प्रेशन सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची, केबल बघा. ती जास्त ताणलेली असली की डिकॉम्प्रेसर किंचित उघडा राहतो.) मग प्लग काढला. ओला, पेट्रोलचा वास. पेट्रोल येतंय, जळत नाही. दुसरा प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडला टेकवली, भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. किक मारली. ठिणगी होती, पण पिवळी आणि बारीक. चांगली ठिणगी निळसर असते आणि तिचा टकटक आवाज ऐकू येतो.

आता पॉइंटचं झाकण. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. किक हळूहळू फिरवून पॉइंट मिटलेले ठेवले, चावी चालू केली आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडला. पॉइंटमध्येच भली मोठी पांढुरकी ठिणगी उडाली. हे कंडेन्सरकडे बोट दाखवणं आहे. पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉइलमधला करंट फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो करंट स्वतःत घेतो, म्हणून कॉइलचं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. कंडेन्सर निकामी झाला की ती ताकद पॉइंट जाळण्यात खर्च होते. तिथे थोडीशी बारीक ठिणगी मात्र नेहमी दिसते, तिला घाबरू नका.

जुन्या कंडेन्सरची वायर सुटी केली, नवा कंडेन्सर बाहेरच लोंबता ठेवून त्याची वायर पॉइंटच्या वायरला आणि बॉडी इंजिनाला जोडली. पहिल्या किकला इंजिन चालू झालं. तापलेलंच होतं, म्हणून पुरावा पक्का.

जुन्या बुलेटवर शिकायला मिळणं हे मी भाग्य मानतो, आणि त्याचं मोठं कारण डोमवरचा, म्हणजे हेडलाइटच्या घरावरचा, बॅटरीचा करंट दाखवणारा अ‍ॅम्पमीटर. बाकी सगळं बंद ठेवा, चावी चालू करा आणि किक हाताने सावकाश फिरवा. पॉइंट मिटले की काटा वजा बाजूला जातो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरी, फ्यूज, चावी, कॉइलची आतली वायर आणि पॉइंट, एवढी सगळी साखळी एका नजरेत तपासून होते. काटा मध्यावरून हललाच नाही तर कुठेतरी वाट तुटली आहे किंवा पॉइंटवर मळ बसलाय. काटा वजाकडेच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा त्यांची वायर बॉडीला लागली आहे. तपासून झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजनेच. अंदाजाने, पोस्टकार्डाच्या जाडीने वगैरे करणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. अंतर बदललं की टायमिंगही बदलतं, आणि टायमिंग फार पुढे गेलं की किक उलट मारते. त्या फटक्याने घोटा दुखावलेली माणसं मी पाहिली आहेत. नवे पॉइंट बसवल्यावर त्यांची फायबरची टाच सुरुवातीला झिजते आणि अंतर कमी होतं, म्हणून तीनशे-पाचशे किलोमीटरला गाडी परत बोलवा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा अगदी पुसटसा हात द्या. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं.

पेट्रोलच्या बाजूचं थोडक्यात. प्लग कोरडा काळा म्हणजे मिश्रण जाड, तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड, पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, कदाचित कुठूनतरी हवा ओढतेय. २०२३ पासून ई२० पेट्रोल आल्यावर जुन्या रबरी नळ्या फुगणं आणि टाकीत गंज धरणं याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण इथेनॉल ओलावा ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

वायरिंगला मात्र वेळ द्या, कारण तिथेच नवी मुलं घाबरतात. मल्टिमीटर घ्या आणि दोन मोजमापं आधी शिका. बारा व्होल्टची बॅटरी चांगली भरलेली असेल तर गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, आणि रेस दिल्यावर १३.८ ते १४.४. चढत नसेल तर चार्जिंग नाही. दुसरं, हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यातले व्होल्ट मोजा. पाव व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंग खराब. रंगकाम करून आलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं, कारण अर्थिंगच्या बोल्टखालीही रंग मारलेला असतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा.

शॉर्टसाठी उस्तादांचा उपाय. एक बुलेट महिन्यातून दोनदा फ्यूज उडवायची, कधी सातारा शहरात, कधी मेढ्याच्या रस्त्याला. तिच्या मालकाने डझनभर फ्यूज खिशात ठेवले होते. उस्तादांनी फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा बल्ब जोडला आणि मला म्हणाले, "आता फ्यूज उडणार नाही, बल्ब बोलेल." चावी चालू, पार्किंगचा दिवा चालू. बल्ब मंद पेटला, म्हणजे करंट दिव्यांतूनच जातोय. शॉर्ट झाला तर तो पूर्ण उजेडाने पेटणार. मग एकेक वायर हलवत गेलो. मागची लाइट, हॉर्न, ब्रेक स्विच, काही नाही. शेवटी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि बल्ब भक्कन पेटला. सरळ केलं, मंद. पुन्हा वळवलं, पेटला. मानेपाशी वायरचा जुडगा फ्रेम आणि स्टेममध्ये चेपून एका वायरचं आवरण तांब्यापर्यंत घासलं होतं. तेवढा तुकडा कापून नवी वायर झाळली, वर स्लीव्ह चढवली, आणि जुडगा हँडलसोबत मोकळा फिरेल असा सैल बांधला. मग हँडल दोन्हीकडे वीस-वीस वेळा वळवलं. बल्ब मंदच राहिला, तेव्हा तो काढून पुन्हा फ्यूज लावला.