अभ्यासात मजा आणताय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या शिकवणीतल्या पाचवीच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद... मग एकोणशंभर का नाही?" घड्याळात सव्वासहा झाले होते, अपूर्णांक उरकायचे होते. मी म्हणाले, "नसतं तसं. नव्याण्णवच म्हणायचं." ती "बरं" म्हणाली आणि वहीत मान घातली. पुढचा अर्धा तास ती मान वर आली नाही.

घरी पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. ‘हसतखेळत शिक्षण’ हे शब्द मी स्वतः पालकांना शेकडो वेळा ऐकवलेत. तरीही खाली ज्या चुका सांगतेय, त्यातल्या बहुतेक माझ्याच हातून झाल्यात, आणि एकदाच नाही.

उत्तराची घाई

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही. मुलानं विचारायच्या आधी आपण सांगून मोकळे होतो, नाहीतर त्यानं विचारलं की दोन सेकंदांत उत्तर हातावर ठेवतो. दोन्हींत कुतूहल मरतं. कुतूहल म्हणजे ‘माहीत आहे’ आणि ‘माहीत नाही’ यांच्यामधली फट. ती फट थोडा वेळ उघडी राहिली, तरच तिचा उपयोग.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांचा २०१४ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले आणि कुठल्या प्रश्नाच्या उत्तराची किती उत्सुकता आहे ते आधी विचारून घेतलं. मग प्रश्न पुन्हा दाखवायचा, चौदा सेकंद थांबायचं आणि मग उत्तर. त्या चौदा सेकंदांत मध्येच एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला जाई. नंतर परीक्षा घेतली तेव्हा उत्सुकता असलेली उत्तरं जास्त लक्षात राहिली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे: उत्सुकतेनं वाट पाहताना दिसलेले चेहरेही, ज्यांचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, थोडे अधिक ओळखता आले. वाट पाहण्याच्या त्या वेळात मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग आणि आठवण साठवणारा भाग एकत्र कामाला लागलेले दिसले. म्हणजे लक्षात ठेवायची तयारी उत्तर येण्याआधीच सुरू झालेली असते. ते चौदा सेकंद आपण खाऊन टाकतो.

आता मी काय करते ते सांगते. तरंगणं-बुडणं शिकवायचं असलं की पातेलंभर पाणी आणि एक संत्रं घ्यायचं. सालीसकट सोडलं की तरंगतं, ते सगळ्यांना दिसतं. मग संत्रं सोलायचं. सोलताना मुद्दाम वेळ लावायचा, सालीचा वास खोलीभर पसरू द्यायचा आणि विचारायचं, आता काय होईल? प्रत्येकानं अंदाज वहीत लिहायचा. हे महत्त्वाचं, कारण नुसतं तोंडी विचारलं तर हुशार पोराच्या मागे सगळे जातात. जवळजवळ सगळे लिहितात, "साल गेली, हलकं झालं, तरंगणारच." सोडलं की ते तळाशी जाऊन बसतं. खोलीत जो आवाज होतो, तो थांबेपर्यंत मी बोलत नाही. मग कुणीतरी साल उचलून बोटांनी दाबून बघतं आणि म्हणतं, "स्पंजासारखी आहे, हिच्यात हवा असणार." घनतेची व्याख्या त्यानंतर. आधी सांगितली असती तर ती पाठ झाली असती आणि शनिवारपर्यंत गेलीही असती.

एकोणशंभरचा प्रश्न मी आठवड्यानं परत काढला, सगळ्यांसमोर. फळ्यावर एकोणीसपासून सगळे ‘एकोण’ लिहिले. एक ऊन म्हणजे एक कमी, एवढंच सांगितलं. ‘ऊन’ म्हणजे कमी हे कळल्यावर पोरांनी एकमेकांना एकोणपोळी, एकोणदात वगैरे म्हणून धुमाकूळ घातला. मग एकानं एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव खालोखाल लिहून दाखवलं की नव्याण्णव आपल्या भावंडांत जाऊन बसलंय, त्याला पुढच्या घरी दत्तक जायचं नव्हतं. संस्कृतातलं ‘नवनवति’, म्हणजे नव्वद आणि नऊ, हे मी त्यानंतर सांगितलं. मूळ प्रश्न विचारणारी मुलगी मात्र त्या दिवशी आली नव्हती. असंही होतं.

मजा बाजूला, धडा बाजूला

दुसरी चूक उत्साही शिक्षकांची आणि त्याहून उत्साही पालकांची. विषय कोरडा वाटतो म्हणून त्याच्या अंगावर झगमग चढवायची: मध्येच विनोद, स्लाइडवर उड्या मारणारं माकड, धड्याशी दूरचं नातं असलेली सनसनाटी गोष्ट. पोरं खूश होतात. दुसऱ्या दिवशी विचारा, माकड आठवतं.

यावरही प्रयोग झालेत. वीज कशी पडते हे समजावणाऱ्या मजकुरात विजेनं माणसांना, विमानांना कसे तडाखे दिले याचे रंजक किस्से घातले, तर वाचणाऱ्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली आणि ती वापरून प्रश्न सोडवणंही कमी जमलं. किस्से खरे होते, मजेदार होते, पण लक्ष भलतीकडे घेऊन गेले.

मग रंजक काही सांगूच नये का? सांगावं, पण मजा विषयाच्या पोटातून निघाली पाहिजे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांचं काड्यांचं मेकॅनो, म्हणजे जोडून आकार बनवायचा खेळ, बघा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या, बस्स. चार काड्यांचा चौकोन करून एका कोपऱ्याला बोट लावलं की तो लगेच कलंडून पतंगासारखा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही ढकला, हलत नाही. मूल तो चार वेळा ढकलून बघतं, मग चौकोनात तिरकी काडी घालायला धडपडतं. तिथं खेळ कुठं संपला आणि भूमिती कुठं सुरू झाली, ते दाखवता येणार नाही. त्यानंतर रेल्वेच्या लोखंडी पुलाचा फोटो दाखवा, मुलं न सांगता त्रिकोण मोजायला लागतात.

यातच एक उपचूक: महागडं किट आणलं की कुतूहल घरपोच येतं असं वाटणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या आसपास मिळणाऱ्या शंख-शिंपले, बिया, पानं यांच्यावर. बाकी काही बोलत नाही.

पुस्तकामागे दहा रुपये

हा माझा भाचा. चौथीत असताना दुपारी पलंगाखाली शिरून वाचत बसायचा. मला भरून आलं आणि मी जाहीर केलं, सुट्टीत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये. पहिल्या आठवड्यात सहा पुस्तकं झाली. दुसऱ्या आठवड्यात तो वाचनालयात पुस्तकं कडेनं बघायला लागला, जाडी किती ते. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाला, "मावशी, चित्रांचं चालेल ना?" जूनमध्ये शाळा सुरू झाली, योजना संपली आणि वाचनही. पलंगाखाली परत शिरायला त्याला दोन वर्षं लागली.

अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नंतर वाचला आणि कपाळावर हात मारला. बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ते रंगीत पेन पुन्हा ठेवले, तेव्हा ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणून बक्षीस बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या कामाची मुलाला अजिबात ओढ नाही, ते सुरू करून द्यायला छोटं आमिष चालतं. पण जे ते आपणहून करतंय, त्याला भाव लावू नका. कौतुक वाटलं तर नंतर, न ठरवता, आइस्क्रीम खायला न्या. आणि ते कशासाठी ते सांगू नका.

"मजा आली" म्हणजे "आलं" नव्हे

इथं मी आनंदवाद्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. तास छान झाला, सगळं पटापट समजलं, चेहरे फुललेले. हे शिकल्याचं लक्षण नसूही शकतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण भरपूर शिकलो. गटात धडपडत स्वतः गणितं सोडवणाऱ्यांना वाटलं, आपण कमी शिकलो. चाचणीत निकाल उलटा लागला.

मोठ्यांचं याहून वाईट. रात्री जेवणानंतर यूट्यूबवर कृष्णविवरांवरचा पाऊण तासाचा व्हिडिओ दीडपट वेगानं बघायचा, "काय सांगतोय हा माणूस!" म्हणायचं आणि झोपायचं. सकाळी चहाच्या वेळी बायकोला दोन वाक्यं सांगून बघा. तिसऱ्या वाक्याला गाडी थांबते.

कुतूहल दार उघडून देतं, पण आत आलेलं टिकायला ते स्वतः आठवून बाहेर काढावं लागतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवणारे. आपल्याकडे परीक्षेच्या सकाळी रिक्षात बसून गाईड वाचणाऱ्याला गुण पडतात आणि मे महिन्यात काही उरत नाही, त्याचं कारण हेच.

उपाय फुकटचा आहे. व्हिडिओ किंवा धडा संपला की वही मिटून, बघता न येईल असं, चार ओळी लिहा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. अडखळायला होईल, चिडचिड होईल. होऊ द्या, तेवढी धडपड त्यात धरलेलीच असते. मुलांबरोबर मी याचा खेळ करते: जेवताना त्यांनी मला शिकवायचं, मी मुद्दाम मठ्ठ होऊन "म्हणजे?" विचारायचं. चौथ्या "म्हणजे?"ला ती पुस्तक उघडायला पळतात.

गोडी लागेल मग सुरू करू

ही मोठ्यांची सबब. गोडी आधी आणि अभ्यास मागून, असा क्रम बहुतेक वेळा नसतो. ज्यातलं काहीच माहीत नाही त्याचं कुतूहल फारसं वाटत नाही, सगळं माहीत असलेल्याचंही नाही. अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेतल्या २००९ च्या एका अभ्यासात लोक सर्वांत उत्सुक दिसले ते अर्धवट खात्री असलेल्या प्रश्नांबद्दल.

माझा मावसभाऊ मोडी शिकतो म्हणायचा, वर्षानुवर्षं. मग आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा एक मोडी कागद सापडला. आधी नुसती गिचमिड, कारण मोडीत ओळभर शिरोरेषा आधी ओढून घ्यायची आणि तिला जोडून जोडून अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. त्यानं हट्टानं दहा-बारा अक्षरं गिरवली, मजा वगैरे न येता. मग एका रात्री त्या गिचमिडीत त्याला गावाचं नाव दिसलं. त्या रात्री तो दोन वाजता झोपला. तेव्हा निदान पहिली दहा अक्षरं गोडीशिवाय काढा.

पाठांतराला खलनायक ठरवू नका

हल्ली ‘घोकंपट्टी’ म्हटलं की सगळे नाक मुरडतात. पण ‘बे एके बे, बे दुणे चार’ चा ठेका, इंद्रधनुष्याचं ‘तानापिहिनिपाजा’, ही पाठांतरंच आहेत आणि मुलांना ती आवडतात. पाढे येत नसलेल्या मुलाला अपूर्णांकांतली गंमत दिसणार कशी? त्याचा सगळा जीव सात आठे किती यातच जातो.

आणि "त्याला रसच नाही" म्हणण्याआधी

एवढं सगळं करून एखादं मूल ढिम्म बसलं असेल तर आधी साध्या गोष्टी तपासा. झोप झालीय का? शाळेतून आल्यावर काही खाल्लंय का? फळा दिसतोय का? माझ्याकडे सहावीतला एक मुलगा होता. कशातच लक्ष नाही, प्रश्न नाही, संत्रं बुडालं तरी चेहरा कोरा. मी त्याच्या आईला दोनदा सांगितलं होतं की याला आवडच नाही कशाची. दिवाळीनंतर तो चष्मा लावून आला, पाठीमागच्या त्याच जागेवर बसला, बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि वर्षात पहिल्यांदा हात वर केला.

"बाई, तुमची संख्यारेषा वाकडी आहे."