बॅकअप क्वार्टरबॅकची ट्रेडमधली किंमत धरण्याआधी

वय, फॉर्म, मागच्या सीझनचे आकडे सगळेच बघतात, त्यावर बोलत नाही. एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) एखाद्या बॅकअपचा, म्हणजे राखीव क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), करार रिस्ट्रक्चर झाल्याची, म्हणजे पैशांची मांडणी बदलल्याची बातमी आली की "स्वस्त झाला, आता तिसऱ्या फेरीचा पिक (ट्रेडच्या बदल्यात मिळणारा, नवे खेळाडू निवडायचा हक्क) पक्का" असं ग्रुपवर ठोकून देण्याआधी कराराचे तपशील काढा. त्यात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड करायचा नाही ही अट, आहे का ते बघा. २०२२च्या सप्टेंबरात माझं नेमकं हेच राहिलं होतं, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा येणार आहे, सहन करा.

मग रिस्ट्रक्चर कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. एकात खेळाडूचे पैसे खरोखर कापले जातात. दुसऱ्यात पगाराचा सायनिंग बोनस होतो. खेळाडूला पैसे तेवढेच मिळतात, उलट लवकर मिळतात. दुसऱ्या प्रकाराचा हिशोब तोंडी करू नका, लिहून काढा. समजा पगार १.२ कोटी डॉलर. त्यातल्या १ कोटीचा बोनस केला आणि करारातल्या चार वर्षांवर पसरवला, तर कॅपवर (टीमच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) वर्षाला २५ लाख. आता ट्रेड झाला तर नव्या टीमच्या वाट्याला उरलेला २० लाखांचा पगार, बस्स. बोनस जुन्या टीमने दिलाय, तो तिच्याच कॅपवर राहतो, आणि सगळे हप्ते एकदम येऊन बसतात. १ जूननंतर ट्रेड केला तर या वर्षी २५ लाख, उरलेले ७५ पुढच्या वर्षी. करार लांबवायला शेवटी नावापुरती वर्षं चिकटवली असतील तर हप्ते मोजताना तीही धरा.

म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त आणि देणाऱ्याला महाग. गाडीचं कर्ज आपण फेडत राहायचं आणि गाडी दुसऱ्याला द्यायची, तसला व्यवहार. तरी टीम तो करतात. मार्च २०२०मध्ये जॅग्वार्सनी क्वार्टरबॅक निक फोल्स बेअर्सना दिला, बदल्यात चौथ्या फेरीचा पिक घेतला आणि १.८७५ कोटींचा डेड मनी (गेलेल्या खेळाडूचा कॅपवर राहिलेला खर्च) मुकाट्याने सोसला. बेअर्सनी तर त्याचा करार लगेच नव्याने बांधून घेतला.

पगार कोण किती सोसतंय हेही विचारा. जुलै २०२२, बेकर मेफील्ड, ब्राउन्सकडून पँथर्सकडे: सुमारे १.०५ कोटी ब्राउन्सनी भरले, पँथर्सनी ५० लाखांच्या आत, आणि ३५ लाख मेफील्डने स्वतः सोडले. एवढी पदरमोड करून ब्राउन्सच्या हाती काय, तर पाचव्या फेरीचा पिक, तोही मेफील्ड ७० टक्के स्नॅप (टीमच्या चाली) खेळला तर चौथ्या फेरीचा होणार या अटीवर. याचं दुसरं टोक ब्रॉक ऑस्वायलर. मार्च २०१७मध्ये त्याचे १.६ कोटी गॅरंटीड होते, आणि ही धोंड गळ्यातून उतरवायला टेक्सन्सना वरून दुसऱ्या फेरीचा पिक द्यावा लागला. गॅरंटी खेळाडूबरोबर नव्या टीमकडे जाते, म्हणून गॅरंटीड रक्कम वेगळी लिहा.

आता पुन्हा नो-ट्रेड क्लॉज. पैसे कापून घेणारा खेळाडू बदल्यात काहीतरी मागतोच, आणि ते 'काहीतरी' बहुतेक वेळा तुमच्या अंदाजाच्या मुळावर येतं. जिमी गरापोलोचं बघा. मार्च २०२२मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, पगार २.४ कोटींच्या वर, गिऱ्हाईक नाही. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या टीमने, फोर्टीनायनर्सनी, त्याला ६५ लाख गॅरंटीवर आणलं. ११ सप्टेंबरला डॅलस काउबॉइजच्या क्वार्टरबॅकचा, डॅक प्रेस्कॉटचा, अंगठा मोडला आणि मी लगेच लिहून मोकळा: ६५ लाखांत गरापोलो डॅलसला, किमान तिसरी फेरी. नव्या करारात नो-ट्रेड क्लॉज होता! फ्रँचायझी टॅग (करार संपल्यावरही खेळाडूला आणखी वर्षभर अडकवून ठेवायचा टीमचा हक्क) लावायचा नाही हेही लिहून घेतलेलं. क्लॉज असला की ट्रेड अशक्य होतो असं नाही, खेळाडू हो म्हणू शकतो. पण मग गिऱ्हाईक तो निवडतो, टीमला दोघातिघांना झुंजवून भाव चढवता येत नाही. भाव तिथेच पडतो. (आठवडाभरात फोर्टीनायनर्सच्या मुख्य क्वार्टरबॅकचा, ट्रे लान्सचा, घोटा मोडला आणि गरापोलो तिथलाच स्टार्टर झाला, तो भाग वेगळा. काउबॉइजनी आपल्या बॅकअपवर, कूपर रशवर, चार मॅच जिंकल्या.)

६५ लाख हाही पूर्ण आकडा नव्हता. खेळण्यावरचे बोनस धरून करार १.६ कोटींच्या आसपास जात होता. बॅकअप घेणारी टीम त्याला खेळवायलाच घेते, म्हणून हे बोनस धरूनच किंमत लावा. आणि क्लॉज? बघितला? नसेल तर आधी तो.

बाकीचं पटापट. मार्चमधल्या रोस्टर बोनसची (ठरल्या दिवशी टीममध्ये असल्याबद्दल मिळणारे पैसे) तारीख: तिच्याआधी ट्रेड झाला तर ते पैसे नव्या टीमच्या खिशातून. सीझनमध्ये पगार दर आठवड्याला अठरावा हिस्सा, त्यामुळे उशिरा घेतला तर स्वस्त. वैद्यकीय तपासणीत नापास, तर ट्रेड रद्द. २०२४पासून ट्रेडची डेडलाइन नवव्या आठवड्यानंतरचा मंगळवार. त्यानंतर कुणाला सोडलं तर तो वेव्हरवर (सोडलेल्या खेळाडूंची यादी, जिथून इतर टीम मागणी करतात) जातो आणि कुणीही उचलतो: डिसेंबर २०२२मध्ये पँथर्सनी सोडलेला मेफील्ड रॅम्सनी एकही पिक न देता घेतला आणि दोन दिवसांत त्याने रेडर्सना हरवलं.