लिस्बन की पोर्तो? आधी रात्री मोजा

पोर्तुगालला जायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. "लिस्बन भव्य, पोर्तो निवांत" असली उत्तरं वाचून कुणाचाही निर्णय होत नाही. व्हिसा, विमा, रजा हे तुम्ही पाहिलंच असेल, म्हणून थेट निवडीकडे येते.

महिना पाहा. पोर्तोत पाऊस लिस्बनपेक्षा जास्त, त्यामुळे हिवाळ्यात जाणार असाल तर लिस्बन.

समुद्रासाठी पोर्तो निवडू नका. जुनं शहर दोरो नदीच्या काठावर आहे. पुळण गाठायला मेट्रोने मातोझिन्यूशला जावं लागतं आणि अटलांटिकचं पाणी ऐन उन्हाळ्यातही गार असतं. पाण्यात उतरायचंच असेल तर लिस्बनहून लोकलने साधारण ४० मिनिटांवरचं कश्काइश बरं. तिथले गावातले किनारे आडोशाला आहेत.

आता खरी मेख: रात्रींचा हिशोब. मलाही सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागलं. चार रात्री म्हणजे पूर्ण दिवस तीनच. "दोन-दोन रात्री वाटून घ्या, रेल्वेने तीनच तास लागतात" हा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. गाडीचे तीन तास खरे, पण सकाळी खोली सोडायची, बॅगा ओढत स्टेशन गाठायचं, तिकडची खोली दुपारनंतर मिळायची. तिनातला एक दिवस तिथेच गेला. परतीचं विमान पुन्हा लिस्बनहून असेल तर हीच कसरत उलट दिशेने. पाच रात्रींपर्यंत एकच शहर, यावर मी ठाम आहे.

मग कोणतं? शहरातल्या ठिकाणांच्या याद्या समोरासमोर ठेवून काही हाती लागत नाही. लिस्बनला बेलेंचा मठ, अल्फामाच्या गल्ल्या, १७५५च्या भूकंपानंतर आखून बांधलेला बायशा हा भाग. पोर्तोला नदीकाठचा रिबेरा भाग, १८८६चा दुमजली लुईश पूल, साओ बेंतो स्टेशनातल्या निळ्या टाइल्स. दोन्हीकडे दोन दिवस सहज भरतात. निर्णय करायचा तो तिसऱ्या दिवसावर: शहराबाहेर कुठे जायचंय?

लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाचे राजवाडे बघायचे असतील तर लिस्बन. तिथल्या पेना राजवाड्याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची, बागेच्या फाटकाची नव्हे. मधला चढ धरूनच निघा. दोरोच्या खोऱ्यातले डोंगरउतारावरचे द्राक्षमळे बघायचे असतील तर पोर्तो. खोऱ्यातल्या पिन्याओ गावापर्यंत रेल्वेने जा आणि जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला येते. जाऊन-येऊन पाचेक तास गाडीत जातात, पण ते बघण्यातच जातात. पोर्तोत राहून एका दिवसात सिंत्रा करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

सहा किंवा जास्त रात्री असतील तरच दोन्ही. एका शहरात उतरा, दुसऱ्यातून परत निघा. विमान शोधताना "मल्टी-सिटी" हा पर्याय निवडा; दोन सुटी एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात.

मधल्या प्रवासाला आल्फा पेंदुलार ही जलद रेल्वेगाडी घ्या. तिकीट आधी काढलं तर सवलत मिळते. ही गाडी पोर्तोत कंपान्या स्टेशनला थांबते. तिथे लोकल बदलली की पाचेक मिनिटांत साओ बेंतो.