थंडीत ट्रॅक्टर चालू होत नाही? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा अधूनमधून ५ अंशांच्या खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सकाळी लवकर फवारणीसाठी ब्लोअर बाहेर काढायचा असतो. ट्रॅक्टर अडला की दोष थंडीला दिला जातो. वास्तविक सुस्थितीतले डिझेल इंजिन एवढ्या थंडीत थोडी कुरकुर करून का होईना, चालू व्हायला हवे. आधीपासून असलेली कमजोरी थंडीत फक्त उघडी पडते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतकी दाबली गेली की कित्येक शे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिन संथ फिरले, तर ही उष्णता थंड लोखंडात मुरते आणि दाबही पिस्टनच्या रिंगांमधून निसटतो. त्यामुळे किल्ली किती वेळ धरली यापेक्षा इंजिन किती वेगाने फिरले, याला महत्त्व आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकसारखा सेल मारत राहणे. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल मारू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी निदान एक मिनिट थांबावे, नाहीतर बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर सेल सोडून सायलेन्सरकडे पाहावे. इंजिन जोमाने फिरत असूनही धूर अजिबात निघत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी आधी इंजिन बंद करण्याचा स्टॉपचा खटका ओढलेलाच राहिला आहे का, हे पाहावे. हे सांगणे हास्यास्पद वाटेल, पण घाईत तेच विसरले जाते. त्यानंतर डिझेल फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून डिझेल पुढे ढकलणारा हातपंप मारावा. बुडबुड्यांचा फेस येऊन नंतर सलग धार लागली, तर लाइनने रात्रीतून एअर धरली होती हे नक्की. स्क्रू आवळल्यावर ट्रॅक्टर चालू होईल, परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडले, तर वॉशर, पाइपाचे जोड आणि फिल्टरची सील तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. याउलट पांढरा धूर भकाभका निघत असेल, तर डिझेल येत आहे पण पेटत नाही. म्हणजे एकतर इंजिन हळू फिरते आहे किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, कमी आहे.

इंजिन हळू फिरत असल्यास लगेच नवी बॅटरी आणू नये. हेडलाइट लावून सेल मारावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला आहे. दिवे तसेच राहून नुसता ‘टक्’ आवाज आला, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. चॅसीला जोडलेली अर्थिंगची पट्टी कोणी पाहत नाही, पण तिच्याखालचा गंज चांगली बॅटरीही निकामी भासवतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल मारताना पीटीओ (अवजारे फिरवणारा मागचा दांडा) सुटलेला असावा आणि क्लच पूर्ण दाबलेला असावा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा भार स्टार्टरवर येत नाही. इंजिन ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घालावे. पुस्तिकेत चालत असल्यास थंडीसाठी १५डब्ल्यू-४० बरे.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा पेट्रोल, ईथरचा फवारा मारणे हा प्रकार पूर्णपणे टाळावा. ईथर डिझेलच्या कितीतरी आधी, पिस्टन वर येत असतानाच भडकते आणि त्या ठोक्याने रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात तर ते थेट आगीला आमंत्रण आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचीही आपल्याकडे गरज नाही. त्याने पंपाचे वंगण घटते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल आणले, पण ती गरज तिथल्या थंडीची आहे. आपल्याकडे फिल्टर तुंबण्यामागे बहुधा पाणी आणि गाळ असतो, म्हणून डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या तळाचे पाणी नियमित सोडावे.

टोचन करून किंवा उतारावरून ढकलून ट्रॅक्टर चालू करण्याची रोजची सवय लावून घेऊ नये. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड असते आणि साखळी तुटली तर माणूस जायबंदी होतो. चालू झाल्यावरही लगेच रेस देऊ नये. ऑइलचा दिवा विझून इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत ते मंद गतीवर चालू द्यावे.

बॅटरी, डिझेल आणि एअर यांत काहीच दोष सापडत नसेल, दुपारी गरम इंजिन एका सेलात उठत असेल आणि सकाळी मात्र रोज पांढरा धूर ओकून अडत असेल, तर मेकॅनिककडून डिझेल फवारणारे नोझल आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, आणि ते काम छाटणीनंतर फवारण्यांची गर्दी सुरू होण्याआधीच उरकावे.