स्टार ट्रेकचा पाचवा पिक्चर बघायचाय? मग असा बघा

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळयानावरच्या मंडळींची इंग्रजी पिक्चर-मालिका. पहिली गोष्ट, थेट यालाच हात घालू नका. दुसरा, तिसरा, चौथा (१९८२, १९८४, १९८६) आधी उरकून घ्या, कारण पाचव्यात यानाचा कॅप्टन कर्क, त्याचा परग्रहावरचा सोबती स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय सुरुवातीलाच जंगलात शेकोटीपाशी बसतात, कर्क आणि मॅकॉय बडबडगीत म्हणतात, स्पॉक नुसता ऐकतो, आणि ज्याची त्यांच्याशी ओळख नाही त्याला तो निव्वळ येडेपणा वाटतो. आमच्याकडे तेच झालं, बायको तिथेच उठून गेली.

पिक्चर १९८९चा, डायरेक्टर खुद्द कर्क, म्हणजे त्याचं काम करणारा विल्यम शॅटनर. इफेक्ट्सवर हसू येणार, येऊ द्या. आधीच्या पिक्चरांचं काम केलेली इफेक्ट्सवाली कंपनी आयएलएम मोकळी नव्हती, काम दुसरीकडे गेलं, शेवटाला दगडी राक्षस येणार होते ते पण पैशापायी कापले, म्हणून क्लायमॅक्स गुंडाळल्यासारखा वाटतो. यानातल्या लिफ्टच्या बोगद्यातले मजल्यांचे आकडे तर वाचूच नका, उलटसुलट आहेत, डोकं फिरेल.

लक्ष ठेवायचं ते सायबॉकवर. स्पॉकचा सावत्र भाऊ, लोकांच्या मनातलं जुनं दुखणं काढून घेतो आणि ते लगेच त्याचे भक्त होतात, मग कर्कच्या यानाचा ताबा घेऊन निघाला आकाशगंगेच्या मध्यावर देव शोधायला. शॅटनरला ही कल्पना टीव्हीवरच्या प्रवचनकारांवरून सुचलेली, आणि आपल्याला काय, असे बुवा लहानपणापासून बघायची सवय आहे, त्यामुळे आपल्याला हा माणूस लगेच कळतो.

मॅकॉयच्या वडलांचा सीन आला की मोबाईल बाजूला ठेवा. वडील मरणाच्या वेदनेत, सोडव म्हणतात, हा सोडवतो, आणि थोड्याच दिवसांत त्या आजारावर औषध सापडतं. कर्क मात्र सायबॉकला साफ नाही म्हणतो, माझं दुःख मला हवंय. इथे पॉज करून चहा टाकला तरी चालेल, मी टाकतो.

मग पांढऱ्या दाढीचा देव. त्याला यान पाहिजे, आणि कर्क विचारतो, देवाला यान कशाला लागतं? मॅकॉय घाबरून म्हणतो, अरे देवाकडे कोणी ओळखपत्र मागतं का! विचारल्याबद्दल कर्कला झटका बसतो, तर स्पॉक म्हणतो, प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं, मग त्यालाही झटका. ही दोन मिनिटं रिवाइंड करून बघा.

शेवटी परत शेकोटी येते आणि स्पॉक वाद्य काढून तेच बडबडगीत वाजवतो, तेव्हा उठून गेलेल्यांना हाक मारा.