रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारमध्ये अपग्रेड करताय? या चुका टाळा

स्पोर्ट्स कार हाती आली की काही दिवसांतच हात शिवशिवायला लागतात. थोडी पॉवर वाढवावी, गाडी जराशी खाली बसवावी, आवाज भारदस्त करावा असं वाटू लागतं. त्यात गैर काही नाही. पण रोज कामावर न्यायच्या गाडीचा कस लागतो तो सकाळी, टायर आणि ब्रेक थंड असताना, ओल्या रस्त्यावर. पार्ट निवडताना नेमकं हेच विसरलं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झीज न बघता अपग्रेडच्या मागे लागणं. ८०,००० किलोमीटर चाललेली गाडी वळणावर झुलते, म्हणून लोक जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) बसवतात. खरा दोष मात्र थकलेल्या शॉक्समध्ये किंवा फाटलेल्या बुशमध्ये (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरात) असतो. आधी ते बदला. मग टायरच्या साइडवॉलवरचा तारखेचा चार आकडी कोड वाचा. २३१७ असेल, तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं आणि पकड गेलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की पहिला पैसा चांगल्या टायरवरच खर्च करावा, कारण वेग घेणं, वळणं आणि थांबणं या तिन्ही गोष्टी त्यानेच सुधारतात.

नवे रिम बसवल्यावर ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक पडत नाही? मग रिमचं मधलं भोक मोजा. ते हबपेक्षा, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या गोल भागापेक्षा, मोठं असेल तर रिम बरोबर मध्यावर बसत नाही. ही फट भरणारी योग्य मापाची हब रिंग घातली की थरथर थांबते. शिवाय रिम मोठा म्हणजे चांगला, असंही नाही. दोन इंच मोठा, जड रिम घातला तर गाडी सुस्त होते, आणि साइडवॉल बारीक झाल्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची भीती वाढते.

ब्रेकच्या बाबतीत उत्साह जरा आवरा. रेसिंग पॅड तापल्यावरच नीट धरतात. घराबाहेर पडताच पहिल्या सिग्नलला पाय दाबला तर तोच पॅड कंपनीच्या साध्या पॅडपेक्षा कमी पकडतो, वर किंचाळतो आणि डिस्कही खातो. रोजच्या गाडीला रस्त्यासाठी बनवलेले परफॉर्मन्स पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल पुरतं. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलची किमान मर्यादा बघा: नवं असताना उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५. म्हणूनच लांब घाट उतरताना जुनं ऑइल उकळून पेडल मऊ पडतं आणि लोक मोठ्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) चौकशी करू लागतात. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर बहुतेकांना त्या कॅलिपरची गरजच उरत नाही. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, काही वेळा ब्रेक लावून ते डिस्कशी जुळवून घ्या. हे टाळलं तर पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटतो, पेडलला धक्के जाणवतात आणि चांगली डिस्क 'वाकली' म्हणून फेकली जाते.

गाडी खाली करताना नुसत्या स्प्रिंग बदलून भागत नाही. मूळ शॉक्सचा प्रवास कमी उरतो, शॉकच्या टोकाशी असलेल्या बंप स्टॉप या रबरी ठोकळ्यावर आदळून गाडी उड्या मारते, आणि हे लोकांना कडक सस्पेन्शन वाटतं. त्यानंतर काही महिन्यांत टायर आतल्या कडेने गुळगुळीत होतात. दोष कँबरला (चाकाच्या उभ्या कलाला) दिला जातो, पण रबर खाण्यात मोठा हात बिघडलेल्या 'टो'चा, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा, असतो. स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या.

इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, बदलण्याचा मोह सर्वांनाच असतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवाच ओढत असेल तर आवाज वाढतो, पॉवर उलट घटते. फिल्टरला तेल जास्त लागलं तर ते एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. आयडलिंग खालीवर होऊन चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा दोषाचा कोड दिसला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आधी पाइपचे क्लॅम्प तपासा, मग सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवा. एक्झॉस्ट घेण्याआधी तो बसवलेल्या गाडीत बसून हायवेच्या वेगाने फिरून या. तिथली घरघर रोज सोसायची आहे.

रीमॅपमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सेटिंग बदलण्यात, टर्बो इंजिनाला खरोखर मोठा फायदा होतो, टर्बो नसलेल्याला जेमतेम. मॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिलाय ते पेट्रोल रोज मिळणार नसेल तर तो घेऊ नका, कारण नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू झालं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि वाढवलेली पॉवर जाते. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरला, कमी आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएमचा काटा चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. अशा वेळी मूळ मॅपवर परत या किंवा आधी क्लच बदला. तसंच रेटलं तर क्लच ज्यावर धरतो ते फ्लायव्हीलही भाजून निघतं.