रविवार नको, द्वितीया बघा

गोव्यातलं चोडण माझं माहेर. पुण्या-मुंबईची मंडळी "एक दिवस बोटीतून मगरी आणि पक्षी दाखव" म्हणाली की मी आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते, सुट्ट्या मागाहून. मांडवी नदीतल्या या बेटावर काय दिसणार हे पाणी ठरवतं आणि पाणी तिथीवर चालतं.

हिशेब बाबांचा. आमच्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) जाळं लागायचं ते याच हिशेबाने. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वा अकरा. पक्ष कुठलाही असो. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. हे झालं समुद्रकाठचं. पाणी नदीत आत यायला आणखी अर्धा तास धरा. अंदाजाला हे पुरतं, पण निघण्याआधी नावाड्याला विचाराच.

आता द्वितीया-तृतीया का? त्या दिवशी नदीत सकाळी पावणेआठ ते साडेआठला ओहोटी असते आणि दुपारी दोन ते पावणेतीनला भरती. अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणून पाणी उधाणाचं, खूप चढणारं आणि खूप उतरणारं. सकाळी चिखल उघडा पडतो, त्यावर मगरी येतात. दुपारी पाणी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत शिरतं, तेव्हा होडी आत जाते. संध्याकाळी चिखल पुन्हा उघडतो. एकाच दिवसात तिन्ही. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

भावाच्या कुटुंबाला एकदा मी नवमीला नेलं, कारण तेव्हाच त्यांना रजा होती. भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, तेही उतरतं. अकराला आत शिरलो आणि होडी चिखलात बसली. तीन वाजेपर्यंत उन्हात पाच माणसं आणि पाण्याच्या दोन बाटल्या. त्या दिवसापासून मी रजेसाठी तिथी बदलत नाही.

सकाळची सुरुवात कुंभारजुव्याच्या कालव्यावर करा. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारं हे साधारण पंधरा किलोमीटरचं पाणी, भरती-ओहोटीचं आणि मचूळ. मगर एरवी गोड्या पाण्यातली, इथे मात्र ती या मचूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते. होडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा आणि साडेसातपर्यंत बाणस्तारीच्या बाजूला पोचा. थंडीत मगर ऊन चढल्यावरच काठावर येते, तेव्हा फार पहाटे जाऊन उपयोग नाही.

मगर शोधायची तर आधी मगर शोधू नका, चिखल वाचा. उतरत्या काठावर ओला, गुळगुळीत, पन्हाळीसारखा घसरडा पट्टा दिसला की ती तिची वाट. मग आजूबाजूचे ओंडके नीट बघा. नुकती वर आलेली मगर चिखलाच्याच रंगाची असते. वाळली की राखाडी होते आणि तेव्हा चटकन ओळखू येते. जबडा उघडा ठेवून पडली असेल तर घाबरू नका, ती अंगातली उष्णता सांभाळते आहे. इंजिन लांबच बंद करायला सांगा, होडी वाहत जाऊ द्या, कुणी उभं राहू नका. ती पाण्यात घसरली, तर तुम्ही फार जवळ गेलात. कोंबडीचे तुकडे टाकून मगर बोलावतो म्हणणाऱ्याच्या होडीत बसूच नका. माणूस म्हणजे खाणं, हे तिला शिकवलं तर उद्या काठावर जाळं धुणाऱ्याच्या जिवावर बेतेल. दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापणी म्हणतात त्याला. खाजनाची राखणदार मानलेल्या जनावराशी आपणही तसंच वागावं, असं मला मनापासून वाटतं.

साडेनऊला परत फिरा, जुन्या गोव्यात पातळ भाजी-पाव खा आणि रायबंदरच्या धक्क्यावर या. पणजीहून येणाऱ्यांना वाटेत 1633-34 मध्ये बांधलेला लांबच लांब पूल आणि कडेची मिठागरं लागतात. तिथले बगळे गाडीतूनही दिसतात. फेरीबोटीत पुढच्या कठड्याशी उभं राहा. ब्राह्मणी घार हमखास डोक्यावर असते.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. साडेअकराला होडीत बसा. इथे वल्ह्याचीच होडी मागा, इंजिनाची नको. आत गेलात की पहिली दहा मिनिटं दुर्बीण खाली ठेवा आणि ऐका. मग फांद्यांच्या सावलीत बघा: अंग चोरून झोपलेल्या रातढोकऱ्या, पाण्यालगतच्या फांदीवर घोंगी खंड्या, मोठ्या लाल चोचीचा. आठपट दुर्बीण पुरे. हलत्या होडीत त्याहून मोठीत काही ठरत नाही.

तिवराचं पान तोडू नका, नुसतं बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागेल, झाड पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. कांदळाच्या, म्हणजे दुसऱ्या एका खारफुटीच्या, फांदीला शेंगांसारखं लोंबतं ते रुजलेलं रोप, झाडावरच. कुठलीच फांदी मोडायची नाही, याला आणखी एक कारण: इथल्या एका झाडाचा पांढरा चीक डोळ्यांना घातक असतो. मुलं बरोबर असतील तर हे होडीत बसण्याआधी सांगा. डासांचं मलम मात्र विसरू नका.

जेवून, थोडं आडवं होऊन साडेचारला बांधावर चालायला या. पाणी उतरतं तशा निवट्या, चिखलातले छोटे मासे, चिखलावर उड्या मारू लागतात, तुतारी पक्षी शेपूट हलवत किडे वेचतो, आणि एक नांगा अंगापेक्षा मोठा असलेले खेकडे तो नांगा हलवून माद्यांना बोलावतात. इथे घाई करू नका, एका जागी बसून राहा. मानशीच्या दगडांवर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर ती पाणमांजराची. मी स्वतः पाणमांजरं पाहिली ती अशा ताज्या खुणेपासून लांब, वारा तिच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसूनच. तिन्हीसांजेला तिवरांतून कोल्हे ओरडतात. तेवढं ऐकून मग फेरीचा रस्ता धरा.